धवलेरीचे तोंड

जव्हार, ता. १२ डिसेंबर १९१६

ती. अक्कास मोरूचा साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारलेस, त्या डोंगरात बसून तापाच्या गोळ्या वाटण्यापलीकडे काही करतोस की नाही? तर आता हातातले काम बाजूला ठेव आणि वाच.

महिन्यापूर्वी पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरून रुपी नावाची बाई दवाखान्यात आली. वय चाळिशीचे, बरोबर नवरा पोश्या. दोघे पहाटे निघून दुपारी पोचली. गेल्या वैशाखात राब भाजताना वारा फिरला आणि ही त्या धगीत तोंडघशी पडली. (तुला मुंबईत राहून राब ठाऊक नसेल. भाताचे रोप टाकायच्या जागी पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब.) जीव वाचला, जखमाही भरल्या. पण भरताना कातडे असे आवळले की डाव्या डोळ्याची खालची पापणी गालावर ओढली गेली. पापणीची आतली लाल बाजू दिसायची, डोळा सारखा गळायचा. गालावर गाठीगाठींचा जाड व्रण. तोंडाचा डावा कोपराही हनुवटीकडे खेचून आखडलेला होता, पण पेज आणि आंबील आत जात होती, म्हणून ते मी तूर्त सोडून दिले.

पापणी सोडवली, गालावरचा व्रण कापून काढला, आणि तिच्याच मांडीची कागदाहून पातळ कातडी काढून त्या जागी बसवली. क्लोरोफॉर्म द्यायला मलमपट्टी करणारा आमचा म्हातारा ड्रेसर जिवा. सहाव्या दिवशी पट्टी सोडली. अक्का, कातडी धरली! मी जिवासमोर चक्क टाळी वाजवली. तो म्हणाला, "साहेब, पोरगा झाला काय?"

जाताना तिच्या हातात आरसा दिला. तिने बराच वेळ पाहिले, मग लाजून तोंडात बोट घातले आणि आरसा पालथा घातला. जन्मात एवढे समाधान मला झाले नव्हते. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढून घेतले आहेत. मुंबईच्या वैद्यकीय मासिकासाठी लेख लिहितो आहे. नावही ठरले: 'स्त्रीच्या मुखसौंदर्याचा पुनर्लाभ'. कसे वाटते?

तुझा,
मोरेश्वर

*

मुंबई, ता. २० डिसेंबर १९१६

चि. मोरूस आशीर्वाद.

टाळी मीही वाजवली असती, पण मेट्रन मागे उभी होती. कातडी धरणे ही गंमत नव्हे. येथे चार चार माणसे टेबलाभोवती असतात, तरी कधी धरते, कधी चिंधीसारखी गळून पडते. तू एकट्या जिवाच्या भरवशावर केलेस. आईला पत्र वाचून दाखवले. तिला कातडीचे काही कळले नाही, पण शेजारच्या तिघींना बोलावून तिने ते पुन्हा वाचायला लावले.

आता माझे ऐक. तुझ्या पत्राची चार पाने आहेत. त्यात वारा आहे, राब आहे, तुझी टाळी आहे, जिवा काय म्हणाला तेही आहे. रुपी काय म्हणाली ते कुठे आहे? बाई असल्या चेहऱ्याने अर्धा दिवस डोंगर तुडवत आली ती कशासाठी आली?

शिवाय ते लाजणे. मोरू, बाई लाजली की पदर ओढून घेते. तोंडात बोट घालून बघत नाही. बसऱ्याच्या लढाईतून जबडा फुटलेले शिपाई माझ्या वॉर्डात आहेत, आणि रोज सकाळी आम्ही त्यांची तोंडे बोटांनी मोजतो. एक बोट जात असेल तर दूध, दोन गेली तर मऊ भात, तीन गेली की गडी पंगतीला बसतो. आरसा मिळाला की त्यांतला प्रत्येक जण पहिल्यांदा हेच करतो. तुझी रुपी लाजत नव्हती, माप घेत होती.

लेखाचे नाव वाचून मी हसले. राग मानू नकोस. मानलास तरी उत्तर पाठव.

तुझी,
अक्का

*

जव्हार, ता. २९ डिसेंबर १९१६

ती. अक्कास सा. न.

सर्जन तू की मी? डोळा उघडा राहिला असता तर वर्षभरात आंधळा झाला असता. आधी डोळा घ्यायचा हे पुस्तकातही आहे आणि सामान्य अकलेतही.

राहिले तिचे म्हणणे. दोनदा विचारले, "काय होतंय बाई?" दोन्ही वेळा ती गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. नवराही तसाच. रोग्याने सांगायचे नाही आणि मी ओळखायचे, असे कसे चालेल? मी डॉक्टर आहे, दाणे टाकून रोग सांगणारा इकडचा भगत नव्हे. आणि बाईमाणसाला चेहऱ्याखेरीज दुसरे काय हवे असणार?

आईस नमस्कार. लेखाचे नाव बदलणार नाही.

मोरेश्वर

*

जव्हार, ता. १७ जानेवारी १९१७

ती. अक्कास अनेक नमस्कार.

मागचे पत्र फाडून टाक. आईने ठेवून घेतले असेल तर तिच्याकडून काढून घे आणि फाड.

देवी टोचण्याच्या फेरीवर गेल्या आठवड्यात पोशेऱ्याकडे गेलो होतो. जिवा बरोबर होता. म्हटले, आपला नमुना पाहून येऊ. रुपी दारात नाचणी पाखडत बसली होती. डोळा स्वच्छ, गाल ठीक. मी खुशीत विचारले, "काय रुपी, बरी आहेस ना?" तिने मान हलवली. पाड्यावरचा म्हातारा बारक्या तेथे चिलीम ओढत होता. तो माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "डोळा कराय कोन सांगला होता? तिचा डोळा काय लगीन लावतं?"

मला काहीच उमगेना. मग जिवाने बाजूला घेऊन सांगितले. अक्का, ही बाई धवलेरी आहे. या डोंगरातल्या लोकांत लग्न भट लावत नाही, धवलेरी लावते. दोन-तीन दिवस ती गाते, तिच्या गाण्याने देवी भिंतीवर काढलेल्या चौकात येऊन बसते आणि मग लग्न लागते. गाणी तोंडपाठ, एकेक रात्रभर चालणारी. जिवा म्हणाला, "साहेब, तिचा तोंड मिटला नं पाड्याचा लगीन मिटला." आणि मी त्या तोंडाला पेज जाते ना, मग घाई नाही म्हणून सोडून दिले होते!

मी रुपीजवळ जाऊन बसलो. विचारले, हे तू मला का नाही सांगितलेस? तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. आखडल्या तोंडाने सावकाश म्हणाली, "भगताला सांगावा लागतं का? तो सुपात दाना टाकतं नं सांगतं, तुला अमका झाला. जो विचारतं तो कसला भगत? तू तं त्याच्याहून मोठा. मी सांगला असता तं तुला वाईट लागला असता." मग म्हणाली, "तू डोळा धरलास. माना वाटला, आधी डोळा, मंगा तोंड. मंगा तू आरसा दिलास नं घरी जा बोललास."

म्हणजे तिने माझा मान राखला, आणि मी तिला अर्ध्यावरच घरी पाठवून दिले.

आता खरी अडचण ऐक. चैत्रात या पाड्यावर लग्न आहे. रघ्या आणि सकू दहा वर्षे एकत्र नांदतात, तीन मुले आहेत, पण लग्नापुरता तांदूळ कधी जमला नव्हता. यंदा भात चांगले पिकले. रघ्याच्या आईबापांचेही राहून गेलेले आहे, तेव्हा बाप आणि मुलगा एकाच मांडवात. (तू हसशील. मीही हसलो, पण इकडे कोणाला त्यात हसण्यासारखे दिसत नाही.) बारक्याने स्पष्ट सांगितले आहे की होळीपर्यंत रुपीचे तोंड उघडले नाही तर वावर गावची धवलेरी आणायची. आणि दुसरी एकदा या चौकात गायली की ही जागा तिची. रुपी पुन्हा बसणार नाही.

तोंडात एकच बोट जाते. मी मोजले. हे ऑपरेशन मी कधी केलेले नाही. पुस्तकात अर्धे पान आहे आणि तेवढ्यावर मला चालायचे नाही. तुझे सर्जन साहेब काय करतात ते बारकाईने लिही. विनंती म्हणून लिहितो आहे.

तुझा,
मोरू

*

मुंबई, ता. २५ जानेवारी १९१७

प्रिय मोरू,

पत्र फाडले. आई रुसली आहे.

तुझे सतरा तारखेचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना डोळे पुसले. तू स्वतःला फार बोल लावून घेऊ नकोस. एक गोष्ट सांगते, ती आजवर कोणाला सांगितली नाही. तुझे मेव्हणे गेल्यावर मला या नर्सच्या कामाच्या शिक्षणाला जायचे होते. सहा वर्षे हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. घरच्यांना वाटे, हिला काशीयात्रा हवी असेल. दोनदा पैसे जमवून मला काशीला धाडलेसुद्धा. मी गंगेत डुबक्या मारून परत आले आणि सगळ्यांना वाटले, आता हिचे मन निवले. माया होती म्हणूनच ते चुकले. तूही तसाच चुकलास.

आता कामाचे. साहेबांना विचारले. म्हणाले, तुमच्या भावाला एवढे कळवा की नुसता कोपरा कापून मोकळा करू नकोस. दोन कच्च्या कडा समोरासमोर राहिल्या तर आठ दिवसांत पुन्हा चिकटतात. कापल्यावर गालाच्या आतली ओली, मऊ कातडी बाहेर वळवायची आणि कडेवर शिवून टाकायची, म्हणजे नवा ओठ तयार होतो. कोपरा थोडा जास्तच पुढे ने, कारण नंतर तो मागे येतोच.

पण सुरीचे काम एका दिवसाचे. खरे काम त्यानंतरचे, आणि ते आमचे असते. येथे आम्ही लाकडी पट्ट्या वापरतो. दातांत चार ठेवायच्या, मधोमध रोज एक सरकवायची. दुखते. एक सातारकडचा हवालदार बसऱ्याला तोफेपुढे डगमगला नव्हता, तो पाचव्या पट्टीला मला आईवरून बोलला. सातवी बसल्यावर त्यानेच मागून आठवी घेतली. व्रण सहा महिने आवळत राहतो. एक दिवस चुकला की चार दिवसांची कमाई जाते, हे तिला समजावून सांग. तिलाच सांग, नवऱ्याला नको.

अक्का

*

जव्हार, ता. २२ फेब्रुवारी १९१७

ती. अक्कास नमस्कार.

तीन तारखेला केले. आतली कातडी बाहेर वळवून बारीक रेशमाने शिवली. तू लिहिलेस तसा कोपरा थोडा पुढे नेला. रक्त फार गेले आणि मध्येच मला वाटले, संपले सगळे. जिवा क्लोरोफॉर्मची बाटली धरून म्हणाला, "साहेब, घाम पुसा, तिच्यावर पडतं." घाम पुसला आणि पुढे झालो. टाके निघाले. कोपरा सुटला आहे.

यावेळी आधी विचारले होते. सुरीला हात लावण्यापूर्वी तिच्यासमोर मांडी घालून बसलो आणि म्हटले, "मी भगत नाही. मला दाणे वाचता येत नाहीत. तुला काय हवे ते तू सांग." ती पोश्याकडे बघून हसली. बहुधा माझी कीव आली असावी. मग बोलली, "माना गाव्हा हाय." गायचे, एवढेच.

पट्ट्या येथे कुठल्या मिळणार? जिवाने बांबूच्या कामट्या तासून दिल्या, काचेसारख्या गुळगुळीत. चारांपासून सुरुवात केली, काल नऊ होत्या. आज दहावी सरकवताना तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आले आणि अर्धी आत गेलेली कामटी मी काढून घेतली. तिने ती माझ्या हातातून ओढून परत घातली.

नव्या ओठाला इजा होऊ नये म्हणून मी तिला चाळीस दिवस बोलण्याची बंदी केली आहे. गाण्याचे तर नावच नको. ती निमूट ऐकते. उत्तम रोगी आहे.

होळी आठ मार्चला. दोन बोटे जातात. बारक्या मध्ये येऊन गेला, स्वतः मोजून गेला. मला झोप लागत नाही.

तुझा,
मोरू

*

मुंबई, ता. २ मार्च १९१७

मोरू,

घाईत आहे, म्हणून कार्ड. अरे शहाण्या, बोलण्याची बंदी कसली करतोस? कामट्या तोंड उघडतात, पण ओठाला नरम करते ते बोलणे. माझ्या वॉर्डातला रत्नागिरीकडचा एक शिपाई कंटाळून भजने म्हणू लागला. आधी आम्ही ओरडलो. पंधरा दिवसांत त्याचे तोंड शेजारच्या दोघांपेक्षा जास्त उघडले, तेव्हापासून साहेब स्वतः सगळ्यांना गायला लावतात. वॉर्डाचा बाजार झाला आहे. तिला गाऊ दे. आजपासून. उत्तम रोगी म्हणे!

अक्का

*

जव्हार, ता. १६ एप्रिल १९१७

ती. अक्कास मोरूचे लोटांगण.

लग्न लागले. दोन्ही लागली. आता क्रमाने सांगतो.

तुझे कार्ड पोचले तसा मी वॉर्डात धावलो आणि मोठ्या उदारपणे रुपीला जाहीर केले की आजपासून गायला परवानगी आहे. सगळ्या खाटांवर हशा पिकला. रुपीने तोंड फिरवले. जिवाची बायको रोग्यांसाठी नाचणी दळते. आमच्या रुपी बाईसाहेब टाके निघाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्या जात्याजवळ बसून हळू आवाजात गात होत्या. मी फेरीला निघालो की जिवा खाकरायचा आणि गाणे बंद व्हायचे. पाय मोडलेल्या एका म्हाताऱ्याला तर अर्धे लग्न पाठ झाले होते! मी जिवावर रागावलो. तो म्हणाला, "तुम्हाला सांगला असता तं तुम्हाला वाईट लागला असता." दवाखान्यात माझी काय किंमत आहे ते यावरून समज.

होळीच्या आदल्या दिवशी बारक्या आला. रुपीने त्याच्यासमोर तोंड उघडले. तीन बोटे गेली, त्याची, आणि त्याची बोटे माझ्याहून जाड आहेत. त्याने धोतराला बोटे पुसली आणि म्हणाला, "वावरच्या बाईला निरोप नाय धाडत." पोश्या उकिडवा बसून पोरासारखा रडला.

लग्नाला मला बोलावणे होते. आत भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहिलेला. एका बाजूला रघ्या आणि सकू, सकूच्या मांडीवर धाकटे झोपलेले. दुसऱ्या बाजूला रघ्याचे आईबाप, दात पडलेले, डोक्याला बाशिंगे. रुपी चौकापुढे बसली होती आणि तिच्यामागे पाड्यावरच्या पाच मुली. ही गाणी अशीच शिकतात, मागे बसून, ती जे म्हणेल ते तसेच उचलून. त्यांतलीच एखादी पुढे धवलेरी होते.

रुपीने पहिली ओळ म्हटली. आवाज मोकळा होता, शब्द स्पष्ट होते, पण ओळीच्या शेवटी डाव्या कोपऱ्यातून वारा सुटायचा. बारीक शीळ वाजायची. प्रत्येक ओळीला. मी कोपरा थोडा जास्तच पुढे नेला होता आणि तो म्हणावा तेवढा मागे आलेला नव्हता. वाटले, केले आणि बिघडवले. लोक आता हसतील. कोणी हसले नाही. बारक्या डोळे मिटून डोलत होता.

पहाटे ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी तिला गाठले. म्हटले, "रुपी, ती शीळ वाजते ती माझी चूक आहे. पावसाळ्याआधी ये, एका टाक्याचे काम आहे, बंद करून देतो. बघ, तुला काय हवे?" मग म्हणाली, "राहू दे. देवीला आथा माझी ओळख पटतं."

मी मनाची समजूत घालत परत येऊन बसलो. बाईचा स्वभावच मान राखायचा, तेव्हा हेही मला बरे वाटावे म्हणूनच म्हणाली असेल, असा विचार करत होतो. तेवढ्यात मागच्या मुली म्हणू लागल्या. अक्का, मी कान टवकारून ऐकले, मग जरा पुढे सरकून पाहिले. पाचही जणी, धडधाकट तोंडाच्या, प्रत्येक ओळीच्या शेवटी डावा ओठ खाली ओढत होत्या आणि शीळ काढत होत्या. सगळ्यांत धाकटीला ती साधेना, नुसतीच फुंकर यायची. तेव्हा रुपीने गाणे थांबवले, वळून तिच्या ओठाच्या कोपऱ्याला बोट लावले आणि तो कुठपर्यंत ओढायचा ते दाखवले.

तुझा,
मोरू